धातूचे नॅनोकण, रंगद्रव्य आणि स्पेझर : कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत कुठवर जाता येईल?

विद्यानगर_फोटॉन

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पांचे विषय ठरू लागले की 'स्पेझर' हा शब्द कुणीतरी काढतंच. 'आमच्याकडे ५३२ नॅनोमीटरचा लेसर आहे, सोन्याचे कण बनवता येतात, मग झालंच की' असा सूर असतो. त्यावर एकदा नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. साध्या लेसरमध्ये दोन आरसे आणि मधे प्रकाश वाढवणारं माध्यम असतं. आरशांतलं अंतर अर्ध्या तरंगलांबीखाली नेता येत नाही, त्यामुळे दृश्य प्रकाशात दोन-अडीचशे नॅनोमीटरपाशी गाडी अडते. स्पेझरमध्ये आरशांची जागा धातूचा कण घेतो. कणातले मुक्त इलेक्ट्रॉन एका ठरावीक वारंवारतेला एकत्र झुलतात, तो प्लाझ्मॉन. भोवतीचे रंगद्रव्याचे रेणू किंवा क्वांटम डॉट (अर्धसंवाहकाचे अतिसूक्ष्म कण) पंप करून, म्हणजे बाहेरून प्रकाश टाकून, उत्तेजित ठेवले, की त्यांची ऊर्जा थेट या झुलण्यात उतरते. ही कल्पना डेव्हिड बर्गमन आणि मार्क स्टॉकमन यांनी २००३ मध्ये मांडली. २००९ मध्ये नोगिनोव यांच्या गटाने १४ नॅनोमीटरचा सोन्याचा गाभा आणि त्यावर ओरेगॉन ग्रीन ४८८ हे रंगद्रव्य धरलेलं सिलिकाचं कवच, असा एकूण ४४ नॅनोमीटरचा कण घेऊन ५३१ नॅनोमीटरला उत्सर्जन दाखवलं. त्याच वर्षी ओल्टन आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या पृष्ठावर ५ नॅनोमीटर मॅग्नेशियम फ्लोराईड आणि त्यावर कॅडमियम सल्फाईडची तार, अशा रचनेतून प्लाझ्मॉन लेसर दाखवला, पण तो अतिथंड तापमानाला.

हाताशी असलेली सामग्री अशी धरू : ५३२ चा क्यू-स्विच्ड एनडी-याग लेसर (५ ते ८ नॅनोसेकंद, १० हर्ट्झ), १ नॅनोमीटर रिझोल्यूशनचा फायबर स्पेक्ट्रोमीटर, यूव्ही-व्हिजिबल शोषणमापक, सेंट्रीफ्यूज. टीईएम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) बाहेरून करून आणायचं. एवढ्यावर काय साधेल?

---

मापटं

आधी पाटी-पेन्सिल, मग बीकर.

गोल कणाचा अनुनाद तेव्हा येतो, जेव्हा धातूचा एप्सिलॉन (विद्युत क्षेत्राला पदार्थ कसा प्रतिसाद देतो ते सांगणारा आकडा) हा माध्यमाच्या एप्सिलॉनच्या उणे दुप्पट होतो. ही अट वास्तव भागाची. काल्पनिक भाग म्हणजे धातूतला लॉस. तो पुरता भरून काढायचा तर माध्यमाच्या एप्सिलॉनचा काल्पनिक भाग (उलट्या चिन्हाचा, म्हणजे गेन, प्रकाशाची वाढ) धातूच्या काल्पनिक भागाच्या निम्मा हवा.

आता जॉन्सन आणि क्रिस्टी यांचे १९७२ चे आकडे घाला. ५२० नॅनोमीटरला सोन्याचा एप्सिलॉन साधारण उणे ३.९, काल्पनिक भाग २.६. म्हणजे गेनचा काल्पनिक भाग १.३ हवा. पाण्याच्या अपवर्तनांकाने तो प्रति सेंटीमीटर गेनमध्ये बदलला की सुमारे १ लाख १८ हजार प्रति सेंटीमीटर येतात.

समोर रंगद्रव्य काय देतं? ऱ्होडामीनचा उत्सर्जन छेद (प्रकाश वाढवण्यासाठी एका रेणूचं प्रभावी क्षेत्रफळ) सुमारे ४ गुणिले १० चा उणे १६ वा घात चौरस सेंटीमीटर. १ मिलिमोलर द्रावणातले सगळेच्या सगळे रेणू उत्तेजित झाले तरी गेन २४० प्रति सेंटीमीटर. गोल सोन्याला पुरवायचं तर जवळजवळ अर्धा मोलर रंगद्रव्य लागेल. एवढ्या दाटीत रेणू एकमेकांनाच विझवतात, प्रकाश देत नाहीत.

हाच हिशेब इतर धातू-आकारांसाठी :

चांदीचा गोल, ४०० नॅनोमीटर : धातूचा काल्पनिक भाग ०.२ च्या आसपास, लागणारा गेन सुमारे १२ हजार.

सोन्याची कांडी, अनुनाद ६१७ ला : सुमारे १७ हजार ५००.

सोन्याची कांडी, अनुनाद ७५६ ला : सुमारे ६ हजार ८००.

म्हणजे गोल सोडून लांब कांडी घेतली आणि तांबड्याच्या पलीकडे गेलं की मागणी सतरापट खाली येते. कारण साधं आहे. सोन्यात २.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर आंतरपट्टा शोषण (खालच्या पट्ट्यातले इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उचलले जाणं) सुरू होतं आणि गोल कणाचा अनुनाद नेमका त्या काठावर बसतो.

कवच किती जाड हवं हेही यातच बघून घ्या. जवळच्या क्षेत्राची ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने पडते. कवचाची बाहेरची त्रिज्या गाभ्याच्या दुप्पट असली तरी धातूबाहेरच्या ऊर्जेचा ८७ टक्के भाग कवचात येतो. त्याहून जाड कवच म्हणजे फुकटचं रंगद्रव्य.

---

शाहूपुरी_५३२

मापटंचा हिशेब बरोबर, पण त्याच्या आधीच एक अडचण आहे. ५३२ चा पंप गोल सोन्यावर टाकणं म्हणजे पंप सोन्यालाच खाऊ घालणं. १६ नॅनोमीटरच्या कणांचं नेहमीचं द्रावण १ सेंटीमीटर क्युव्हेटमध्ये (मोजमापाच्या चौकोनी कुपीत) ५२० ला ०.८ च्या आसपास अब्सॉर्बन्स देतं. रंगद्रव्यापर्यंत पोचायच्या आत पंपाचा मोठा भाग उष्णता होऊन जातो.

नोगिनोव यांनी पंप ४८८ ला ठेवला होता. त्यांच्या कणावर साधारण २७०० रेणू होते. एवढ्या रेणूंचं एकत्रित शोषण आणि १४ नॅनोमीटरच्या सोन्याचं शोषण जवळपास सारखंच भरतं. म्हणजे पंपाची वाटणी तिथेही निम्मी-निम्मीच्या आसपास.

---

गुजरीचा_तेजाब

रसायनाचा भाग मी घेतो. गोल कण आधी, कारण ते जमल्याशिवाय पुढचं काही जमत नाही.

टर्केविच पद्धत (१९५१), प्रमाणं फ्रेन्सची (१९७३) : ०.०१ टक्के क्लोरोऑरिक अ‍ॅसिडचं ५० मिलिलिटर द्रावण जोरात उकळायचं, ढवळणं चालू. त्यात १ टक्के ट्रायसोडियम सायट्रेट १ मिलिलिटर एकदम ओतायचं, थेंब थेंब नाही. १ मिलिलिटरला सुमारे १६ नॅनोमीटर, ०.७५ ला सुमारे २४, ०.५ ला सुमारे ४१. सायट्रेट कमी तर कण मोठा. रंग आधी फिका, मग काळपट निळा, मग वाइनसारखा लाल. लाल झाल्यावरही १०-१५ मिनिटं उकळू द्या, बाष्पाने कमी झालेलं पाणी भरून काढा.

काय बिघडतं :

जांभळा रंग राहिला तर कण चिकटलेत. बहुतेक वेळा दोष भांड्याचा. काच अम्लराजाने धुवा (हायड्रोक्लोरिक ३ भाग, नायट्रिक १ भाग, फ्यूम हूडमध्ये, ताजं बनवून, झाकण न लावता). नंतर डीआयोनाइज्ड पाण्याने भरपूर विसळा. ओरखडे पडलेलं बीकर बाजूला काढा, ओरखड्यावर सोनं बसतं.

पाणी १८ मेगाओहमचं. गाडीच्या बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी चालत नाही, नळाचं तर विचारूच नका. क्षारांनी कणांवरचा विद्युतभार झाकला जातो आणि कण गोळा होतात.

क्लोरोऑरिक अ‍ॅसिड स्टीलच्या चमच्याने काढू नका. चमचा गंजतो आणि सोनं तिथेच उतरतं. प्लास्टिकचा स्पॅट्युला घ्या. हा पदार्थ हवेतली ओल ओढतो, म्हणून वजन करत बसण्यापेक्षा अख्ख्या बाटलीचं एकदम साठ्याचं द्रावण करून अंधारात ठेवा.

कणांची मोजणी पुढे लागेल : १६ नॅनोमीटरच्या एका कणात साधारण १ लाख २६ हजार अणू. ०.२५ मिलिमोलर सोन्यातून सुमारे २ नॅनोमोलर कण होतात. ५० मिलिलिटरमध्ये ६० लाख कोटी कण.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

एक भाबडा प्रश्न. क्लोरोऑरिक अ‍ॅसिड महाग पडतं. गुजरीतून शंभर नंबरी सोनं आणून घरच्या घरी विरघळवलं तर?

---

गुजरीचा_तेजाब

प्रयोगशाळेत करा, घरी नको. होतं मात्र. १ ग्रॅम सोन्यातून क्लोरोऑरिकचं २ ग्रॅम ट्रायहायड्रेट मिळतं (अणुभार १९७ ला रेणुभार ३९३.८). चोवीस कॅरेटच घ्या. बावीसमधलं तांबं द्रावणात राहतं आणि काढायला त्रास देतं. चांदी असेल तर पांढरा सिल्व्हर क्लोराईड तळाशी बसतो, तो गाळून जातो. अम्लराजात विरघळल्यावर नायट्रिक घालवणं हा खरा भाग : थोडं हायड्रोक्लोरिक घालायचं, मंद आचेवर जवळजवळ आटवायचं, असं तीन-चार वेळा, तपकिरी धूर बंद होईपर्यंत. पूर्ण कोरडं करू नका, सोन्याचा क्लोराईड विघटित होऊ लागतो. नायट्रेट उरलं तर सायट्रेटची पायरी बिघडते आणि मग दोष सायट्रेटला दिला जातो.

---

विद्यानगर_फोटॉन

सिलिका कवच आणि रंगद्रव्य कसं बसवायचं, प्रमाणासह लिहाल का? बहुतेक प्रकल्प तिथेच रखडतात.

---

गुजरीचा_तेजाब

सायट्रेटवाल्या सोन्यावर सिलिका थेट बसत नाही. सोन्याला काचेची ओढ नाही, म्हणून मधे प्राइमर लागतो. लिझ-मार्झान, गियर्सिग आणि मलव्हॅनी यांची १९९६ ची पद्धत ५० मिलिलिटरच्या प्रमाणात :

ताजं बनवलेलं १ मिलिमोलर एपीटीएमएस (अमिनोप्रोपिल सिलेन) ०.२५ मिलिलिटर, जोरात ढवळत, १५ मिनिटं. मग ०.५४ टक्के सोडियम सिलिकेट, पीएच १० ते ११ वर आणलेलं, २ मिलिलिटर. एक दिवस ठेवा. २ ते ४ नॅनोमीटरचं पातळ कवच येतं. सिलेन जास्त झालं तर द्रावण लगेच निळं पडतं. तिथून ते परत येत नाही, टाकून द्या.

हे पातळ कवच टाळू नये. रंगद्रव्य धातूला टेकलं की ऊर्जा वरच्या क्रमांकाच्या मोडमध्ये (झुलण्याच्या प्रकारांत) शिरते आणि उष्णता होते. त्या मोडमधून प्रकाश बाहेर येत नाही, आणि हव्या त्या द्विध्रुव प्लाझ्मॉनलाही काही मिळत नाही. साधारण ५ नॅनोमीटर अंतर असलेलं बरं. फार दूर गेलात तर क्षेत्रच उरत नाही.

पुढे जाड कवच स्टोबर पद्धतीने. सेंट्रीफ्यूज करून सगळे कण ५ मिलिलिटर पाण्यात आणा, त्यात २० मिलिलिटर इथेनॉल, मग अर्धा मिलिलिटर तीव्र अमोनिया. टीईओएस (ज्यातून सिलिका बनते तो द्रव) किती? हिशेब करा. १६ चा गाभा, एकूण ४४ व्यास : एका कणावर सिलिका ४२ हजार ५०० घन नॅनोमीटर. गुणिले ६० लाख कोटी. एकूण सुमारे ५ मिलिग्रॅम सिलिका, म्हणजे टीईओएस २० मायक्रोलिटरच्या आत. एवढंसं! लोक ढोबळ अंदाजाने २०० मायक्रोलिटर ओततात आणि टीईएममध्ये सोनं नसलेले सिलिकाचे रिकामे गोळे दिसतात. २० मायक्रोलिटर इथेनॉलमध्ये पातळ करून चार हप्त्यांत, दोन-दोन तासांच्या अंतराने घाला.

रंगद्रव्य सिलिकात नुसतं मिसळून राहत नाही, धुताना निघून जातं. त्याला सिलेनशी बांधावं लागतं. आयसोथायोसायनेट गट असलेलं रंगद्रव्य घ्या : फ्लुरोसिनचं (एफआयटीसी) किंवा ऱ्होडामीन बी चं. एफआयटीसी ४ मिलिग्रॅम, एपीटीईएस (एपीटीएमएससारखंच सिलेन) १२ मायक्रोलिटर, कोरडं इथेनॉल १ मिलिलिटर, रात्रभर अंधारात ढवळा. यातलं ५० मायक्रोलिटर पहिल्या दोन टीईओएस हप्त्यांबरोबर द्या. शेवटचे दोन हप्ते रंगाविना, म्हणजे वरून साधी सिलिका बसून रंग आत कोंडला जातो.

प्रत्येक कणावर २७०० रेणू धरले तर सगळ्या बॅचला मिळून जेमतेम ०.१ मिलिग्रॅम रंग लागतो. कडक केशरी द्रावण दिसलं म्हणून खूश होऊ नका, तो सगळा मोकळा रंग आहे.

पावसाळ्यात इथे हवेतली ओल इतकी असते की एपीटीईएस आणि इथेनॉलच्या बाटल्या सारख्या उघडल्या की महिन्याभरात सिलेन स्वतःशीच जुळून गढूळ होतं. लहान बाटल्यांत वाटून, मॉलिक्युलर सीव्ह टाकून, डेसिकेटरमध्ये ठेवा.

---

हुपरीकर

चांदीवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. वरची अमोनियाची पायरी चांदीवर लावली तर कणच विरघळतात, कारण चांदी अमोनियाबरोबर विद्राव्य संयुग करते. पिवळं द्रावण हळूहळू पांढरं होत जातं. अमोनियाच्या जागी डायमिथिलअमाईन वापरतात. लॉस कमी म्हणून कागदावर चांदी सरस, पण गंधकाने ती काळवंडते हे हुपरीसारख्या चांदीच्या गावात वेगळं सांगायला नको. आणि ४०० च्या अनुनादाला कुमारीन गटातलं रंगद्रव्य आणि ३५५ चा पंप लागेल. यागच्या तिसऱ्या हार्मोनिकचा क्रिस्टल नसेल तर विषय तिथेच संपतो.

---

शाहूपुरी_५३२

आता मोजमाप. इथे सर्वात जास्त फसगत होते, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा क्युव्हेटमधून पंप वाढवत नेल्यावर ५६० ते ५८० च्या रुंद चमकीतून एक अरुंद शिखर वर आलं. त्याची कारणं, शक्यतेच्या क्रमाने :

पहिलं, मोकळ्या रंगाचं प्रवर्धित उत्स्फूर्त उत्सर्जन. मिलिमोलर ऱ्होडामीन १ सेंटीमीटर लांबीत पंप केलं की गेन इतका होतो की आरसा लागतच नाही.

दुसरं, क्युव्हेटच्या समांतर भिंती. काच-हवा सीमेवर ४ टक्के परावर्तन, तेवढं पुरतं. क्युव्हेट ५ ते १० अंश तिरकी ठेवा. शिखराचा आकार बदलला तर ते क्युव्हेटचं होतं.

तिसरं, रँडम लेसिंग. लवांडी यांच्या गटाने १९९४ मध्ये ऱ्होडामीन आणि टायटॅनियम डायऑक्साईडच्या कणांच्या द्रावणातून लेसरसारखं उत्सर्जन दाखवलं होतं. तिथे धातूही नव्हता, प्लाझ्मॉनही नव्हता, नुसतं विखुरणं. सोन्याचे गोळा झालेले कणही तेच करतात.

चौथं, रामन. ५३२ च्या पंपाने इथेनॉलची रेषा ६३० च्या आसपास आणि पाण्याची ६५० च्या आसपास पडते. त्या जागी अरुंद शिखर दिसलं तर आधी कोरं द्रावक ठेवून बघा.

मग खरं काय ते ठरवायचं कसं? चार नमुने एकाच क्युव्हेटमध्ये, एकाच जागी, एकाच पंपाला :

क) गाभा सोन्याचा, कवचात रंग. ख) सोनं नसलेले तेवढ्याच आकाराचे सिलिका गोळे, रंग तेवढाच. ग) सोनं आणि कवच, रंग नाही. घ) क चा शेवटचा सेंट्रीफ्यूज केल्यावर वर उरलेला निवळ.

'घ' मध्ये फ्लुरोसन्स दिसला तर धुणं पुरं झालेलं नाही. निवळ पूर्ण रंगहीन होईपर्यंत धुवा : उघडा १६ नॅनोमीटरचा कण साधारण १२ हजार जी ला अर्धा तास, कवच आल्यावर त्याहून कमी जी पुरतो. 'ख' मध्येही तेच शिखर आलं तर सोन्याचा काही संबंध नाही.

नंतर पातळ करण्याची कसोटी. 'क' दहापट, शंभरपट पातळ करा. एकेका कणाचं काम असेल तर शिखराची उंची एकूण चमकीच्या प्रमाणात राहील, थ्रेशोल्डचा पंप (ज्या पातळीला लेसिंग सुरू होतं तो) बदलणार नाही. अनेक कणांनी मिळून केलेलं असेल तर पातळ केल्यावर थ्रेशोल्ड वर सरकेल किंवा शिखरच जाईल. नोगिनोव यांच्या गटानेही पातळ करून पाहिलं होतं, आणि त्यांच्या दाव्याचा मोठा आधार तोच आहे.

इनपुट-आउटपुट आलेख दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन काढा. साध्या अक्षांवर कुठल्याही वक्राला 'गुडघा' दाखवता येतो. लहान कॅव्हिटीत उत्स्फूर्त उत्सर्जनाचा मोठा भाग त्याच एका मोडमध्ये जातो, त्यामुळे लॉग आलेखावरची इंग्रजी एस सारखी वळणं पुसट होतात. अशा वेळी खरा पुरावा फोटॉन सांख्यिकीचा : हॅनबरी ब्राउन-ट्विस मांडणीत शून्य विलंबाला दुसऱ्या क्रमाचा सहसंबंध उष्ण प्रकाशाला २, लेसरला १. पण त्यासाठी पिकोसेकंदाच्या जवळचे डिटेक्टर लागतात. ते आपल्या यादीत नाहीत, आणि नॅनोसेकंदाच्या पल्सवर साध्या डिटेक्टरने हे मोजायला जाऊ नका. येणारा आकडा १ च्या जवळ येईल आणि त्याचा अर्थ काहीच नसेल.

रेषेची रुंदी लिहिताना स्पेक्ट्रोमीटरची स्वतःची रुंदी लिहा. १ नॅनोमीटरच्या यंत्रावर '१.१ नॅनोमीटर रेषा' म्हणजे यंत्राचंच मोजमाप.

---

कळंबा_क्यूडी

रंगद्रव्याऐवजी क्वांटम डॉट का नकोत? ते लवकर विझत नाहीत, शोषण पट्टा रुंद असतो, २०२३ चं रसायनाचं नोबेलही त्यांनाच मिळालं.

---

मापटं

विझत नाहीत हे खरं. पण कॅडमियम सेलेनाईडच्या डॉटमध्ये गेन यायला एका डॉटमागे सरासरी एकाहून जास्त एक्सायटॉन (उत्तेजित इलेक्ट्रॉन आणि त्याच्या रिकाम्या जागेची जोडी) लागतात, आणि दोन एक्सायटॉन झाले की ओजे प्रक्रिया (एकाची ऊर्जा प्रकाश न होता दुसऱ्याला जाणं) त्यातला एक १० ते १०० पिकोसेकंदांत मारते. नॅनोसेकंदाचा पंप त्या वेगाला पुरत नाही. भगदाड पडलेल्या पाटात मोटेने पाणी सोडल्यासारखं होतं. फेमटोसेकंद लेसर असेल तरच डॉट. शिवाय ५-६ नॅनोमीटरचा डॉट आणि त्याचं कवच, एका सोन्याच्या कणाभोवती मावतात किती? काही डझन. रेणू हजारांनी मावतात.

उष्णतेचाही हिशेब मांडतो, कारण तो कुणी मांडत नाही.

१६ नॅनोमीटरच्या सोन्याचा शोषण छेद सुमारे १.५ गुणिले १० चा उणे १२ वा घात चौरस सेंटीमीटर. १० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटरचा ५ नॅनोसेकंदाचा पल्स पडला की कणात सुमारे ३ मायक्रोवॅट उतरतात. पाण्यातला ताप (तापमानातली वाढ) म्हणजे शक्ती भागिले (४π गुणिले उष्णतावहन गुणिले त्रिज्या) : ५० अंश. ठीक आहे. १०० मिलिज्यूलला तोच ५०० अंश, म्हणजे कणाभोवती वाफेचा बुडबुडा. तो बुडबुडा प्रकाश विखुरतो आणि 'सिग्नल वाढला' असं वाटतं. हीच १० मिलिज्यूल ऊर्जा १०० फेमटोसेकंदांत टाकली तर उष्णतेला बाहेर पडायला वेळच नाही. ग्रॅममागे साडेतीनशे ज्यूल होतात, आणि सोनं पूर्ण वितळायला दोनशे पुरतात.

आता उलटा हिशेब. गोल सोन्याचा क्यू (अनुनाद किती टिकतो त्याचं माप) १५ धरला तर प्लाझ्मॉन ४ फेमटोसेकंदांत मरतो. कणावर सरासरी एक प्लाझ्मॉन जिवंत ठेवायचा तर दर ४ फेमटोसेकंदांना एक फोटॉनइतकी ऊर्जा ओतावी लागते. ती होते सुमारे ९० मायक्रोवॅट, एका कणाला. वरच्या सूत्रात घातली की ताप हजार-दीड हजार अंश येतो, आणि १६ नॅनोमीटरच्या कणाला तिथवर पोचायला अर्धा नॅनोसेकंद पुरतो. त्यामुळे एकट्या गोल सोन्याच्या कणाच्या दाव्यांकडे शंकेने बघणारे बरेच आहेत. खुर्जिन आणि सन यांनी लॉस आणि थ्रेशोल्डच्या बाजूने हा मुद्दा नेटाने लावून धरलाय. मला स्वतःला त्यांचं म्हणणं पटतं.

दुसरीकडे गॅलँझा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सोन्याचा गाभा आणि युरानिन रंगद्रव्याचं कवच असलेले स्पेझर पेशींमध्ये प्रोब म्हणून वापरून दाखवले, तेही कणाभोवती होणारे वाफेचे बुडबुडे धरून. म्हणजे वाद मिटलेला नाही.

---

राजारामपुरी_सातवी_गल्ली

मग कांड्या करायच्या. कृती?

---

गुजरीचा_तेजाब

निकुबख्त आणि अल-सईद, २००३. बीज : ०.२ मोलर सीटॅब (साबणासारखा पृष्ठसक्रिय पदार्थ) ५ मिलिलिटर, ०.५ मिलिमोलर क्लोरोऑरिक ५ मिलिलिटर, बर्फगार ०.०१ मोलर सोडियम बोरोहायड्राईड ०.६ मिलिलिटर. तपकिरी-पिवळं व्हायला हवं, लाल झालं तर बीज मोठं झालंय. बोरोहायड्राईड आयत्या वेळी बर्फाच्या पाण्यात बनवा, त्यातून हायड्रोजन निघतो, बाटली घट्ट बंद करू नका.

वाढ : ०.२ मोलर सीटॅब ५ मिलिलिटर, ४ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेट ५० ते २५० मायक्रोलिटर (जास्त चांदी, लांब कांडी, एका मर्यादेपर्यंत), १ मिलिमोलर क्लोरोऑरिक ५ मिलिलिटर, ७८.८ मिलिमोलर अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड ७० मायक्रोलिटर, इथे रंग जातो, मग बीज १२ मायक्रोलिटर. २७ ते ३० अंशांना न हलवता.

सीटॅब थंडीत गोठतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे बाटलीच्या तळाशी पांढरे स्फटिक दिसतील, सकाळी कोमट पाण्यात ठेवून पूर्ण विरघळवा. कांड्या न होता नुसते गोळे होत असतील तर सीटॅबची बाटली बदला. आयोडाईडची अगदी किंचित अशुद्धी कांड्या अडवते. दोन वेगवेगळ्या लॉटनी एकाच दिवशी करून बघणं हा सोपा इलाज.

सिलिका चढवण्याआधी जादा सीटॅब दोनदा सेंट्रीफ्यूज करून कमी करा. तिसऱ्यांदा केलं तर कांड्या चिकटतात.

---

शाहूपुरी_५३२

५३२ ने पंप होणारी आणि ७०० ते ८०० मध्ये उत्सर्जन देणारी स्टिरिल गटातली लेसर रंगद्रव्यं कांड्यांशी जुळतात. कांडीचं आडवं शिखर ५२० पाशी असतं, पण उभ्या शिखरापेक्षा बरंच लहान, त्यामुळे पंप कमी खाल्ला जातो. तोटा असा की या रंगांची क्वांटम कार्यक्षमता ऱ्होडामीनपेक्षा कमी.

सुरक्षेचं एकच : हा वर्ग ४ चा लेसर आहे. ५३२ चा चष्मा घातला तरी यागमधून १०६४ गळत असतो, तो डोळ्याला दिसत नाही आणि ५३२ पुरत्या चष्म्याने अडत नाही. दोन्ही तरंगलांब्यांना ६ च्या वर ऑप्टिकल डेन्सिटी असलेलाच चष्मा घ्या.

---

मापटं

प्रकल्पाचं नाव 'स्पेझर' ठेवू नका, 'लॉस भरपाई' ठेवा. कांडी आणि रंगाच्या नमुन्यावर पंप असताना आणि नसताना कांडीच्या शिखरापाशी रॅले विखुरणं (तरंगलांबी न बदलता होणारं) किती बदलतं ते मोजा. गेन थ्रेशोल्डपाशी पोचला नाही तरी शिखर अरुंद होणं आणि विखुरणं वाढणं दिसू शकतं. पंपाच्या आधी आणि नंतर यूव्ही-व्हिजिबल घ्या. ७५० चं शिखर खाली येऊन ५३० चं वाढलं असेल तर कांड्या वितळून गोल झाल्या, पुढचे आकडे बाद.

एकट्या कणाचा हट्ट सोडलात तर कणांची जाळी हा जास्त खात्रीचा मार्ग आहे. ओडोम यांच्या गटाने २०१३ मध्ये सोन्या-चांदीच्या कणांच्या नियमित जाळ्यांवर आयआर-१४० रंगद्रव्य घेऊन सामान्य तापमानाला लेसिंग दाखवलं. तिथे कणाचा प्लाझ्मॉन आणि जाळीचं विवर्तन एकत्र येतात, रेषा अरुंद होते, प्रकाश एका दिशेने बाहेर पडतो. अशी जाळी करायचा एक मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉन-बीम लिथोग्राफी. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीत आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स यूजर्स प्रोग्राम) योजनेतून बाहेरच्या संशोधकांना ती मिळू शकते, प्रस्ताव पाठवावा लागतो.

---

विद्यानगर_फोटॉन

उत्तम. 'कांड्या, स्टिरिल रंग, लॉस भरपाई, चार नमुन्यांची तुलना' असं ठरवतो. रंग पंपाखाली लवकर विझतो म्हणून द्रावण फिरतं ठेवायचा विचार आहे. पेरिस्टाल्टिक पंपाच्या सिलिकॉन नळ्या चालतील का?

---

शाहूपुरी_५३२

नाही. सिलिकॉन रबर रंग शोषून घेतं, तासाभरात नळी रंगते आणि तुमचं प्रमाण बदलतं. पुढच्या नमुन्यात तोच रंग परत सुटतो, 'ग' नमुना बिघडतो. नळ्या पीटीएफईच्या घ्या, पंपाच्या रोलरखाली येणारा तुकडाच तेवढा मऊ ठेवा आणि तो प्रत्येक नमुन्याला बदला. बहुतेक मोजमापांना फिरतं द्रावण लागणारही नाही : क्युव्हेटमध्ये ३ मिलिमीटरचा चुंबकी दांडा, १० हर्ट्झऐवजी एकेक पल्स, आणि दर वेळी पंप वाढवून झाल्यावर सुरुवातीच्या कमी पंपावर परत एक वाचन. ते पहिल्या वाचनाशी जुळलं नाही तर नमुना बदला.